गाडीतून उतरलेला माणूस

हॅनफर्ड पिक्चर्समध्ये कपडेपट माझ्याकडे होता. कपडेपट म्हणजे एक लांबट खोली, दोन इस्त्र्या, आणि प्रत्येक सिनेमात अंगावर चढणारे तेच ते पोलिसांचे कोट. लॉस एंजेलिसमधल्या गॉवर स्ट्रीटवरच्या आमच्या त्या पट्ट्याला मोठ्या स्टुडिओतले लोक दरिद्री आळी म्हणायचे. आठवड्याभरात एक सिनेमा उरकायचा आणि लहान गावांतल्या थिएटरांना मोठ्या सिनेमाच्या जोडीला विकायचा, असा आमचा धंदा. बोलपट आले तेव्हा मोठ्यांनी आवाज बाहेर ठेवायला नव्या इमारती बांधल्या. आम्ही भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. बाहेरून दुधाची गाडी गेली की नायिकेचं रडणं थांबवायचं, गाडी लांब गेली की परत रडायला लावायचं.

सिग्रिड लिंडक्विस्ट कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसायची. नटाच्या कुठल्या हातात सिगारेट होती, टोपी डोक्यावर होती की गुडघ्यावर, हे टिपून ठेवायचं तिचं काम. उंच, हाडकुळी बाई. गव्हाच्या रंगाचे केस इतके घट्ट बांधायची, की माझंच डोकं दुखल्यासारखं व्हायचं. ती मनुका पिकवणाऱ्या मुलखातली, किंग्जबर्गची. ते गाव स्वीडनहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. आम्ही दोघी एकाच मालकिणीकडे भाड्याच्या खोल्यांत राहायचो, तिची खोली माझ्या समोर. रविवारी ती मालकिणीची भट्टी मागून घेऊन वेलची घातलेला गोड पाव भाजायची. त्यातला निम्मा मला मिळायचा. वर्षातून तीन-चार वेळा मात्र तो पाव मला न मिळता कापडात बांधला जायचा, आणि सिग्रिड रात्रीची बस धरून उत्तरेला जायची.

तिचा कोणीतरी माणूस तिकडे असणार, असं धरून मी तिची थट्टा करायचे. एकदा तिनं हातातली सुरी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "ओपल, माझा भाऊ तुरुंगात आहे. जन्मठेप झालीय त्याला. पाव त्याच्यासाठी असतो."

मग हळूहळू तिनं मला सगळं सांगितलं.

आर्विड तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. मनुकांच्या गोदामाचा ट्रक चालवायचा. त्याचा एक मित्र होता, ड्यूई बॅसेट नावाचा, बोलायला गोड आणि कामाला कुठंच न टिकणारा. एका शनिवारी ड्यूई म्हणाला, जाता जाता शेजारच्या गावात जनावरांच्या खाद्याच्या दुकानाशी थांब, माझा राहिलेला पगार घेऊन येतो. आर्विडनं ट्रक उभा केला. इंजिन चालूच ठेवलं, कारण तो ट्रक एकदा बंद पडला की हँडल मारून मारून हात मोडायचे. थोड्या वेळानं आतून गोळीचा आवाज आला. ड्यूई मागच्या दारानं पळाला, तो आजतागायत कोणाला दिसला नाही. आर्विड ट्रकमध्ये बसला होता. रस्ता मोकळा होता, इंजिन चालू होतं. तो खाली उतरला आणि दुकानात गेला. दुकानदार हॉगन पोत्यांना टेकून पडला होता. आर्विडनं अंगातला शर्ट काढून त्याच्या पोटावर दाबून धरला, आणि शेरीफ येईपर्यंत तसाच बसून राहिला. शेरीफला दिसलं ते इतकंच, की दार उघडं, ट्रकचं इंजिन चालू, आणि आत रक्तानं माखलेला एक पोरगा. हॉगन दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. एक शब्द न बोलता गेला.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, तुला काही माहीत नव्हतं तर इंजिन का चालू ठेवलंस? आर्विडनं हँडलची गोष्ट सांगितली. ज्युरीतला एक जण हसला, असं सिग्रिड सांगायची. निकाल काय लागला ते तिला तितकं आठवायचं नाही, पण ते हसणं आठवायचं.

गावातल्या लोकांनी वाईट बोलून दाखवलं नाही. त्यांनी बोलणंच सोडलं. चर्चमध्ये लिंडक्विस्टांच्या बाकावर दुसरं कोणी बसेना. आई वर्षभरात गेली. सिग्रिड लॉस एंजेलिसला आली, टंकलेखनाचं काम करता करता आमच्या आळीत पोचली. कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसून लोकांच्या गोष्टी बघता बघता तिच्या मनानं घेतलं, की आपली गोष्ट पडद्यावर यायला हवी. फिर्याद म्हणून नाही, दयेचा अर्ज म्हणूनही नाही. तिला फक्त एक गोष्ट लोकांना दाखवायची होती. रस्ता मोकळा असताना एक माणूस गाडीतून खाली उतरतो आणि आत जातो.

"कोर्टात हे सांगून पटलं नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघितलं तर पटेल."

हे १९३१ साल. गुन्हेगारांचे सिनेमे तेव्हा धो धो चालत होते. आमचे मालक क्लाइड हॅनफर्ड मूळचे ओक्लाहोमाचे, पूर्वी पाण्याचे पंप विकायचे. माणूस दुष्ट नव्हता. गोष्ट समोर वाचायला लावायचा, आवडली तर पुढचं पान वाच म्हणायचा, नाही तर पाय हलवायचा. सिग्रिडनं गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली नाही, कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचली म्हणाली. हॅनफर्डचे पाय शेवटपर्यंत हलले नाहीत. त्यांनी गोष्ट घेतली. त्या दिवशी सिग्रिडनं मला एका चिनी खानावळीत जेवायला नेलं, आणि तिला इतकं बडबडताना मी तेव्हाच पाहिलं.

मग बदल सुरू झाले.

पहिल्यांदा गाव गेलं. मनुकांच्या गावात गुन्हा घडतो हे कोण मानणार, म्हणून गोष्ट शिकागोला नेली. ट्रक गेला, काळी मोठी गाडी आली. खाद्याचं दुकान गेलं आणि बँक आली, कारण बँकेचा सेट शेजारच्या स्टुडिओत उभा होता आणि चार दिवस भाड्यानं मिळत होता. मग बहीण गेली. हॅनफर्ड म्हणाले, बहिणीला बघायला कोण येतंय? त्यांच्याकडे करारावर एक गाणारी पोरगी होती, ती बसून पगार खात होती. तेव्हा बहिणीची झाली प्रेयसी, नाइटक्लबात गाणारी. सिग्रिडच्या जागी पडद्यावर जी बाई उभी राहणार होती, तिच्या झग्याला चमक्या लावायचं काम माझ्याकडे आलं. मी टाके घालत होते, सिग्रिड दारात उभी राहून बघत होती.

"मी अशी दिसते का गं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "असा झगा घातलास तर तुरुंगाचा जेलर स्वतः दार उघडेल."

ती हसली. पण आतल्या आत ती एकेक गोष्ट सोडून देत होती. प्रत्येक बदलाच्या वेळी ती वर हॅनफर्डच्या खोलीत जायची, खाली आली की तोंड ओढलेलं असायचं आणि म्हणायची, असू दे, उतरण्याचा प्रसंग आहे ना, तो आहे. आर्विडची सगळी माणसं, सगळं गाव, त्याचं नावसुद्धा गेलं. ती तेवढ्या एका प्रसंगाला धरून बसली होती.

तोही प्रसंग गेला, आणि तो कसा गेला हे सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल.

एक मूकपट कंपनी बुडाली होती आणि तिचा माल विकायला निघाला होता. हॅनफर्डनी त्यातून गाड्यांच्या पाठलागाचा एक तयार तुकडा विकत घेतला. पूल, वळणं, मागे पोलीस, शेवटी गाडी दरीत. झकास चित्रण होतं, आमच्या बापजन्मात आम्हाला तसं काढता आलं नसतं. त्यात पुढं पळत होती ती काळी मोठी गाडी. आमच्या सिनेमातली गाडी तिच्यासारखीच बघून भाड्यानं आणली होती. आता तो पाठलाग सिनेमात घालायचा तर गाडी पळायला हवी. आणि गाडी पळायची तर चालवणाऱ्यानं खाली उतरून चालणार नाही.

सिग्रिड वर गेली तेव्हा मी योगायोगानं तिथंच होते, हॅनफर्डच्या बाहीचं बटण लावत.

"मिस्टर हॅनफर्ड, तो माणूस पळत नाही. गोष्टच ती आहे."

"मिस लिंडक्विस्ट, पळणारी गाडी माझ्याकडे डब्यात तयार आहे. थांबलेली गाडी घेऊन मी काय करू? लोक खुर्चीत बसून उभी गाडी बघणार?"

"तो उतरतो. आत जातो. तो पळू शकत असतो आणि पळत नाही."

"का नाही पळत?" हॅनफर्डनी खरंच विचारलं. त्यांना ते समजून घ्यायचं होतं, असं मला वाटलं. "अहो, गाडी आहे, रस्ता आहे, आत गोळी चाललीय. मी असतो तर पळालो असतो. तुम्ही नसता पळालात?"

 सिग्रिड साक्षीच्या पिंजऱ्यात असल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "एक माणूस नाही पळाला." हॅनफर्ड म्हणाले, वर्तमानपत्रात काहीही छापतात.

आमचा दिग्दर्शक लेस्टर पोमरॉय, मूकपटाच्या दिवसांत बरं नाव कमावलेला, आता दारू पचवत आमच्याकडे दिवस काढणारा. बोलणं त्याला आवडायचं नाही. मायक्रोफोन फुलदाणीत लपवला, की सगळे नट त्या फुलदाणीशी बोलतात, म्हणून कुढायचा. सिग्रिडनं त्याला आर्विडचं नाव न घेता सगळं सांगितलं असावं, किंवा त्यानंच ओळखलं असावं. चित्रणाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, बँकेच्या पायऱ्यांपाशी काम लवकर उरकलं. आवाज घेणारे जेवायला गेले होते. पोमरॉयनं कॅमेरामनला थांबवलं आणि गाडी चालवणाऱ्या नटाला म्हणाला, "बाळा, एकदा माझ्यासाठी कर. आतून गोळी ऐकू आली. तू पळायला निघालास. आणि पळाला नाहीस. पुढचं मला माहीत नाही, तूच बघ."

तो नट काही फार भारी नव्हता. पण बोलायचं नव्हतं, म्हणून असेल, त्यानं ते केलं. दोन्ही हात चाकावर. मान मोकळ्या रस्त्याकडे वळलेली. मग एक हात नुसताच सुटला आणि दाराकडे गेला, जणू त्याला विचारलंच नव्हतं. तो उतरला, पायऱ्यांवर एकदा अडखळला, आणि आत गेला. गाडीचं दार उघडंच राहिलं.

सिग्रिडनं त्या वेळी काहीही टिपून घेतलं नाही. तिनं तोंडावर हात धरला होता.

दोन दिवसांनी तो तुकडा आम्ही पडद्यावर पाहिला. हॅनफर्डही बसले होते.  संपल्यावर म्हणाले, चांगलं आहे, पण आपलं नाही. पाठलागाचे पैसे मी मोजलेत. तुकडा कापून टाकला गेला. आमच्याकडे कापलेली फिल्म पोत्यात भरून, ती हौदात विरघळवून तिच्यातली चांदी काढणाऱ्याकडे जायची. सिग्रिडनं तो तुकडा मागितला तेव्हा पोतं गेलेलं होतं. तिनं त्या चांदीवाल्याचा पत्ता काढला, तिथपर्यंत गेली, आणि रिकाम्या हातानं परत आली. हौद बघून आले, एवढंच म्हणाली. माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. माझ्यावर राग नव्हता, पण तिच्या रागाला बसायला दुसरी जागा नव्हती.

सिनेमा लागला. दारू पिऊन गाडी चालवणारा एक पाताळयंत्री गुंड बँक लुटवतो, आतल्या साथीदाराला मरायला सोडून पळतो, आणि दरीत जळून मरतो. त्याची प्रेयसी शेवटी गाणं म्हणते. सिनेमा चालला. हॅनफर्डनी सिग्रिडला बोलावून तसलीच आणखी एक गोष्ट मागितली. ती म्हणाली, मला दुसरी गोष्ट येत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीला कचेरीत बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, की आपला सिनेमा तुरुंगांतही दाखवतायत, कैद्यांना रविवारी. तिकडे उत्तरेला, खाडीकाठच्या मोठ्या तुरुंगातही. सिग्रिडनं हातातला कप टेबलावर ठेवला नाही, तसाच धरून उभी राहिली; आर्विड तिथंच होता. गोष्ट तिची होती हे तिनं आर्विडला आधीच सांगितलेलं होतं, अभिमानानं. तुझ्यावर सिनेमा येतोय, बघशील तू.

त्यानंतरच्या भेटीला मीही तिच्याबरोबर गेले. तिला एकटीला पाठवायचा मला धीर झाला नाही. बसमध्ये ती सबंध वाट मनात वाक्यं जुळवत होती, मध्येच एखादं मला म्हणून दाखवायची. आर्विड, त्यांनी माझं ऐकलं नाही. आर्विड, एक तुकडा होता, खरा होता, मी तो पाहिला. मी म्हणायचे, हे चांगलं आहे, असंच बोल. पाव तिच्या मांडीवर होता.

भेटीची खोली म्हणजे लांब टेबल, मध्ये फळी, टोकाला पहारेकरी. आर्विड तिच्यासारखाच उंच. डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण हसणं पोरसवदा. माझ्याकडे बघून त्यानं अदबीनं हात हलवला. सिग्रिड बोलायला लागणार, एवढ्यात तोच म्हणाला, "पाहिला मी तुझा सिनेमा."

"आर्विड, त्यांनी सगळं बदललं. मी सांगत होते—"

"अगं, ऐक तर. काय तो पाठलाग! आमच्यातले निम्मे लोक बाकांवर उभे राहिले होते. पळ, पळ, म्हणून ओरडत होते. पहारेकरीसुद्धा." तो थांबला. "मीसुद्धा ओरडलो."

सिग्रिड म्हणाली, "तू पळाला नव्हतास."

"हो ना."

"तू उतरलास. तू त्या माणसापाशी बसलास. मी ते दाखवणार होते. एकदा आम्ही ते काढलंही होतं, ओपलनं पाहिलंय. ते कापलं त्यांनी."

आर्विडनं फळीवर बोट फिरवलं. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "सिग्रिड, बरं झालं कापलं. तिथं बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं, की त्या दिवशी मी पळायला हवं होतं. पाच वर्षं मी स्वतःला सांगत होतो, बरोबर केलंस, बरोबर केलंस. कारण तू येऊन तेच सांगायचीस. हॉगन वाचला का? नाही. आई गेली. तू तिकडे नोकरी करून म्हातारी होतेयस. मी सरळ निघून गेलो असतो तर संध्याकाळी घरी जेवत होतो."

"तो एकटा मेला असता."

"शेजारी मी होतो म्हणून कमी मेला का?"

सिग्रिडचा आवाज चढला. पहारेकऱ्यानं मान वळवली. ती म्हणाली, मला तुझा अभिमान आहे एवढंच माझ्यापाशी उरलंय, आणि तेही तू काढून घेतोस. तो म्हणाला, अभिमान तुझा तू ठेव, आत मी बसतो.  वेळ संपायला बराच अवकाश होता, पण ती उठली. पाव पहारेकऱ्याकडे दिला, त्यानं नेहमीसारखा तो मधोमध कापून तपासला.

बाहेर खाडीवर वारा होता. ती मला म्हणाली, "ओपल, ते लोक ओरडले याचं मला काही वाटत नाही. पण हा का ओरडला?"  परतताना खाडी ओलांडायच्या बोटीत ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

पुढं ती त्याला भेटायला जात राहिली. पाव नेत राहिली. प्रत्येक भेटीत भांडण व्हायचं, आणि परत आल्यावर ती मला ते सविस्तर ऐकवायची. तिनं नवं काही लिहिलं नाही. हॅनफर्डची कंपनी बुडाली, मग ती दुसऱ्या कुणाच्या स्टुलावर बसली, तिथंही कोणाच्या हातात सिगारेट होती ते टिपत राहिली. दयेचे अर्ज मात्र तिनं सोडले नाहीत. सदतीस सालच्या पानगळीत आर्विडला अटींवर सोडलं. गावात परत जायला तो तयार नव्हता. स्टॉक्टनला एका लाकडाच्या वखारीत त्याला काम मिळालं, आणि सिग्रिड आमची आळी सोडून त्याचं घर सांभाळायला गेली. तिथंच तिनं फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात टंकलेखनाची नोकरी धरली.

मी दोनदा जाऊन आले त्यांच्याकडे. दुसऱ्या खेपेला आर्विड अंगणात खुर्चीचा पाय दुरुस्त करत होता, आम्ही दोघी स्वयंपाकघरात कॉफी घेत होतो. मी हळूच विचारलं, आता तरी तुम्ही ते बोलणं सोडलंत का?

"कुठलं सोडतोय," ती म्हणाली. "काल रात्री जेवताना परत तेच. तो म्हणतो, मी मूर्ख होतो. मी म्हणते, नव्हतास. तो म्हणतो, तुला काय माहीत, ट्रकमध्ये तू होतीस का? यावर मी काय बोलणार सांग."

खिडकीतून आर्विडनं हाक मारून विचारलं, काय खलबतं चाललीत. ती म्हणाली, तुझीच. मग कपातली कॉफी तिनं एका घोटात संपवली, आणि ताटल्या उचलून धुवायला लागली. तिच्या हातून त्या नेहमीपेक्षा जोरात आपटत होत्या.